आडवी मुळी

रस्ता रुंद होणार म्हणून कुंपणाकाठच्या पर्सिमनना
गुलाबी फिती बांधल्या गेल्या, त्याच आठवड्यात
विलोडीन आत्याचा फोन आला:
"फावडं आण. पाठही आण."

मिसुरीतला फेब्रुवारी. वर वीतभर चिखल,
खाली दगड, दगडाखाली त्याचा थोरला भाऊ.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई
गाडी मागे घेताना पाहतात तसं पाहत
रोपाभोवती दोनदा फिरली आणि म्हणाली, "इथून."

याच रस्त्याला, वळणावर, एक फळणारं झाड होतं.
पोरं फार गोंगाट करू लागली की ती बस थांबवायची,
एकेकाला कच्चं फळ द्यायची.
तोंडाला अशी मिठी बसायची
की शेवटच्या थांब्यापर्यंत बस गप्प.
मीही त्यात होतो. आत्याचा भाचा म्हणून सवलत नव्हती.
ते झाड ग्रेडरनं पहिल्याच दिवशी नेलं.

उरली ही, कमरेएवढी. बारा.
मूळ काळं, जळक्या दोरासारखं.
सरळ खाली जाईल असं वाटलं होतं;
थोडं गेलं, आणि वळलं शेजारच्या रोपाकडे.
आम्ही तोडलं. कुठून कुठे जातंय, विचारलं नाही.
"आता वरूनही छाटू," आत्या म्हणाली,
"खाली गमावल्यावर वर मिरवू नये."

ओल्या गोणपाटात गुंडाळून, पिकअपच्या मागे टाकून
गोठ्यामागच्या उतारावर नेली.
डेल्मरकाका कुंपणावर कोपर टेकून हसला:
"हरणांना जेवायलाच घालायचंय ना?
मक्याचं पोतं नऊ डॉलरला मिळतं."
"पोतं संपतं, डेल्मर."

दोन पहिल्याच उन्हाळ्यात वाळली.
एकाची साल हरणानं शिंगं घासून सोलली,
ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यानंच.
उरलेली नऊ वाढली. सहाव्या मे महिन्यात फुलं आली,
दोन-दोन, तीन-तीनच्या झुपक्यांत, पिवळट, मधमाश्यांनी भरलेली.
आत्यानं खुर्ची तिकडे हलवली.
ऑक्टोबर आला. फांद्या रिकाम्या.
नोव्हेंबर आला. रिकाम्या.

पुढच्या वसंतात खालच्या शेतावरच्या ओटिली बाई आल्या,
काठीनं एक फांदी खाली ओढली,
फुलाकडे पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
"नर आहे," म्हणाल्या. "सगळा."
"सगळे," मी म्हटलं.
"सगळा. एका मुळाचे फुटवे, बाळा.
एकच झाड नऊ ठिकाणी उभं केलंत."

आत्या त्या रात्री जेवताना हसली नाही.
दुसऱ्या दिवशी हसली, भांडी घासता घासता, एकटीच.

तळ्याच्या बांधावर मला कायोटीची विष्ठा दिसली
त्याच शरदात. आत चपट्या तपकिरी बिया,
कुणाच्या रानातल्या, किती मैलांवरच्या, कोण जाणे.
मी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं?
दोन वर्षांनी तिथे बोटाएवढं रोप.
मी फावडं आणायला निघालो तर आत्या ओरडली,
बसमध्ये ओरडायची तशी: "जागेवर बस!"
ज्यानं लावलंय, त्यानं जागा बघूनच लावलंय.
तेव्हापासून गवत कापायचं यंत्र तिथे वळसा घेतं.

आठ वर्षं वळसा घेतला.
डेल्मरकाका गेला. ओटिली बाई गेल्या.
या वर्षी मेमध्ये त्याला फुलं आली, एकेकटी, जाड देठाची,
आणि उतारावरच्या त्या एका झाडाला
अखेर नऊही ठिकाणी काम मिळालं.

फळं दोन धरली.
पहिलं थंडी पडल्यावर मऊ झालं आणि खाली आलं;
सकाळी फक्त देठाची टोपी,
चिखलात ओपॉसमचे पंजे, लहान मुलाच्या हातासारखे.
आत्या वाकून त्या ठशांकडे बराच वेळ पाहत राहिली.
एक्याऐंशीव्या वर्षी वाकणं सोपं नसतं.

दुसरं आम्ही दोघांनी खाल्लं, उभ्या-उभ्या.
जर्दाळूचा मुरंबा म्हणावा, तर तसं नाही.
बी तिनं चाकूनं उभी चिरली.
इकडची माणसं त्यात हिवाळा वाचतात:
काटा दिसला तर सौम्य, सुरी दिसली तर बोचरा.
आत पांढरा, इवलासा, स्पष्ट चमचा.

"चमचा म्हणजे बर्फ," आत्या म्हणाली.
"फावडं शोध."