दोन सूत

जिन्नाप्पा मगदुमांनी ती काढली
पंपाच्या केसिंगच्या ड्रॉइंगमागं, कोऱ्या बाजूला,
चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात,
लाईट गेली होती म्हणून.
बसकी, रुंद, नाक जमिनीला लावून
वास काढणाऱ्या कुत्र्यासारखी.
"दोघं बसतील," म्हणाले, "तिसरा जळंल."

उद्यमनगरात तेव्हा काहीही ओतून मिळायचं,
इंजिनाचा ब्लॉक, उसाच्या चरकाचं दातेरी चाक,
देवळाची घंटासुद्धा.
माझ्या बापानं, दस्तगीर डेंटरनं,
वाळूच्या पिशवीवर ॲल्युमिनियमचा पत्रा धरून
डावी बाजू ठोकली.
सात महिने.
मग ऑर्डरी आटल्या, भट्टी थंड झाली,
आणि डावी बाजू गोणपाटाखाली राहिली
अर्ध्यातनं उठलेल्या पंगतीसारखी.

तिथं मांजर तीनदा व्यालं.
रंगपंचमीला आम्ही पोरं तिच्याआड लपायचो.
बाप गेला तेव्हा काही बोलला नाही,
फक्त लाकडी हातोडा खुंटीवर नव्हता,
माझ्या उशाला होता.

पन्नास वर्षांनी जिन्नाप्पा आले,
सायकल हातात धरून,
काखेत पत्र्याचं नळकांडं.
"उजवी कर."
मी म्हटलं, आता मशीन करतंय की ओ,
शिरोलीत स्कॅन करून आरशागत उलटी काढून देतील.
"डावी मशीननं केल्ती?"

इंजिन त्यांनी स्वतः ओतलं.
तीनदा तडकलं, चौथ्यांदा टिकलं.
सीट शिवली सुभाषनगरच्या इंदुबाई सातपुत्यांनी,
कापशी चपलेचा टाका घालून,
आणि विचारलं, एवढ्या खाली बसून
माणसाला दिसतं तरी काय?

मी चौदा महिने ठोकत होतो.
शेवटी दोरी लावली, टेप लावली:
बापाच्या बाजूपेक्षा माझी
दोन सूत फुगीर.
रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी जिन्नाप्पांनी डोळे मिटले,
दोन्ही तळवे नाकापासून मागं सरकवत आणले,
दाराच्या वर थांबले.
"हितं दस्तगीर. आन् हितं तू."
बसवतो म्हणालो, दोन तासांचं काम.
"हात लावून तर बघ."

निघायच्या दिवशी कळलं,
ड्रॉइंगमध्ये गाडी जमिनीपासून चार इंच.
चौऱ्याहत्तरला गल्लीत स्पीडब्रेकर नव्हते.
आता सहा आहेत,
नगरसेवक बदलला की एक वाढतो.

मग सगळी गल्लीच फळ्या घेऊन आली.
टर्नर, वेल्डर, चहावाला,
वेल्डरच्या पोराच्या डोक्यावर तर पाट.
पुढं टाकायच्या, गाडी चढायची, उतरायची,
मागच्या उचलून पळत पुढं.
जी तीनशेनं जाणार होती
ती पोत्यावर पाय ठेवत चालावं तशी
एक किलोमीटर पाऊण तासात गेली,
आणि एकालाही घाई नव्हती.

जिन्नाप्पांचे पाय आता पेडलपर्यंत पोचत नाहीत.
कागदावर माणूस एकतीस वर्षांचा आहे.
मी पेडलला सागवानी ठोकळे बांधले होते,
जुन्या पॅटर्नचे.

सहाव्या फळीनंतर हायवे.
त्यांनी गियर टाकला,
मागं शिट्ट्या, मग शिट्ट्याही मागं पडल्या.
स्टिअरिंग जरासं डावीकडं ओढत होतं.
अलाइनमेंट, मी म्हणणार होतो.
नाही म्हटलं.