झग्याच्या काठापासून

बावीस वर्षं मी एर्सिलिया बोव्होलेन्ताला पाहिलं
ते खालून.
रोव्हिगोच्या रंगमंचाला पुढच्या कडेला एक भोक होतं,
वर शिंपल्यासारखं लाकडी झाकण,
आत मी, स्टुलावर,
मांडीवर संहिता आणि नाकात धूळ.
लोकांना ती राणी दिसायची, जोगीण दिसायची,
क्षयानं मरणारी दिसायची.
मला दिसायचे तिचे बूट.
डाव्याची टाच झिजलेली.
वरचा सूर घेण्याआधी ती तिथं भार द्यायची,
भरलेला पोहरा ओढताना
बाई पाय रोवते तसा.

प्रॉम्प्टरचं काम काय, तर
ओळ यायच्या आत ओळ सांगायची.
तिचे शब्द अर्धा श्वास आधी
माझ्या तोंडात असायचे, उष्टे, कुजबुजते.
तेच ती उचलायची
आणि माडीच्या शेवटच्या बाकापर्यंत भिरकवायची.
खाली वाकून एकदाही आभार मानले नाहीत.
मानू नयेतच. भोकात माणूस आहे
हे कुणाला कळलं तर खेळ मेला.

बाप आद्रियाच्या बाजारात वाम विकायचा.
ती म्हणायची, वाम हातात धरायची तर
आवळायची नाही, सूरही तसाच.
हे ती माझ्याशी नाही, केस विंचरणाऱ्या दोमितिलाशी बोलायची.
मला सगळं असंच कळलं, फळ्यांमधून.

युद्धानंतर रोमहून सिनेमावाले आले.
म्हणाले, चेहरा आहे आमच्याकडे, गळा हवाय.
चेहरा व्हितेर्बोचा होता, एकोणीस वर्षांचा,
साबणाच्या जाहिरातीतून उचललेला.
एर्सिलिया तळघरात मायक्रोफोनसमोर उभी राहिली,
अंगावर शाल, पायात सपाता,
दोन दिवसांत अख्खी नायिका गाऊन मोकळी.
श्रेयनामावलीत तिचं नाव
केशभूषा करणाऱ्याच्या खाली.
आई बघायला गेली,
आणि दिवे जाताच जे डोळे मिटले
ते मध्यंतरातच उघडले.
तिकीटवाला समजला, म्हातारी झोपली.

पुढं नऊ वर्षं.
मग ऑक्टोबरच्या जत्रेच्या हंगामात, एका गुरुवारी,
वरचा सूर उभा फाटला.
मी पुढची ओळ दिली. ती आलीच नाही.
पुन्हा दिली, जरा मोठ्यानं.
माडीवरून कुणी शिट्टी वाजवली नाही,
कुणी खोकललंसुद्धा नाही.
रोव्हिगोची माडी इतकी सभ्य
मी आधी कधी पाहिली नव्हती. नंतरही नाही.

रोमहून पुन्हा बोलावणं आलं.
आता तोच चेहरा हवा होता:
गालफडं बसलेली, डोळ्यांखाली सावली, मठाची प्रमुख.
गायला बारीची एक चोवीस वर्षांची पोर होती.
तुम्ही फक्त ओठ हलवा, सिन्योरा.

मी तो सिनेमा चर्चच्या हॉलमध्ये पाहिला,
लाकडी बाक, भाजलेल्या चेस्टनटचा वास.
पहिल्यांदा ती मला समोरून दिसली,
इतकी मोठी, की एका डोळ्यात
माझं भोक झाकणासकट मावलं असतं.
हनुवटीखालचा तीळ मला पाठ होता,
तो काही कॅमेऱ्याला सापडला नाही.
ओठ आवाजाच्या केसभर मागं चालत होते.
सवय वाईट. माझ्या तोंडून ओळ निघून गेली,
अर्धा श्वास आधी, अंधारात.
पुढच्या बाकावरची बाई वळून म्हणाली,
अहो, गप्प बसा की.

बसलो.
आता तो सूर येणार होता, वरचा,
जो आता तिचा नव्हता.
चौकटीत कमरेखालचं काहीच नव्हतं.
पण तिचा डावा खांदा
किंचित खाली गेला.