चार शब्द

कुताइसीच्या बाजारामागे माझं दुकान.
आधी इथे जोडे शिवत; गोंदाचा वास
अजून भिंतीतून येतो, दमट दिवशी जास्त.
मंगळवारी त्सियालामावशी आली,
लॅपटॉप शालीत गुंडाळलेला,
ताप भरलेल्या पोरासारखा कडेवर.
"नुग्झार, हा रात्रभर कण्हतो रे."

पाठ उघडली.
पंख्याला मांजराचे केस, अक्रोडाची फोलं,
कीबोर्डखाली पिठाची पुटं.
"मावशी, हा संगणक की परात?"
"तू पूस. तुझ्या टेबलावरचा पाव
नाताळातला दिसतोय, मी काही बोलले?"

चालू केला तर लाल अक्षरं थयथयाट करत आली:
एक हजार चारशे बारा धोके!
आत्ता पैसे भरा, आत्ता वाचा!
"बघ," ती म्हणाली, "किती काळजी बिचाऱ्याला."
"मावशी, हाच तो चौदाशे तेरावा.
कुंपण शेत खातंय, वर राखणीची मजुरी मागतंय."

शिवाय अँटिव्हायरस तीन.
एकाच दारात तिघे पहारेकरी,
एकमेकांचीच झडती घेत दिवसभर;
मग यंत्र कण्हेल नाही तर काय.
"एक पुरे. जो आधीपासून घरात होता, तोच."
"तिसऱ्याला मी चाळीस लारी मोजलेत!"
"मग त्याला निरोपाचं जेवण घाल."

"आणि हे अपडेट? सहा महिने म्हणतेस,
नंतर आठवण कर."
"नवऱ्याला चाळीस वर्षं तेच म्हणाले.
चाललं की."

"पासवर्ड काय?"
"मांजराचं नाव."
"ते रोज संध्याकाळी तू गच्चीतून ओरडतेस,
पुलापलीकडच्या कसायालासुद्धा पाठ आहे."
"मग काय ठेवू?"
"चार शब्द. एकमेकांशी काडीचं नातं नसलेले."
"म्हणजे माझी भावंडं."

मला जोर चढला. कुकीज पुसता पुसता
मी प्रवचनच लावलं:
कोण कुठून डोकावतं, कोण काय टिपून ठेवतं,
कॅमेऱ्यावर कागद चिकटव, अनोळखी दुव्याला बोट लावू नकोस,
खाजगीपण, मावशी, खाजगीपण म्हणजे—

ती हसली. दातांच्या फटीतून, शिट्टीसारखं.
"तू मला शिकवतोस?
टेलिफोन एक्सचेंजात एकतीस वर्षं काढली मी.
समोर भोकांची फळी, हातात दोऱ्या, कानाला यंत्र.
कोणाचं लग्न मोडलं, कोणी कोणाचे पैसे बुडवले,
अख्खं गाव या कानातून गेलंय.
ब्याऐंशीच्या हिवाळ्यात एका पोराने
बातुमीला फोन लावला.
असेल एकोणीस वर्षांचा. तीन मिनिटांचे पैसे भरलेले.
पहिलं मिनिट नुसता श्वास घेत होता."

मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.
"मग?"
"मग काय. यंत्र कानावरून काढून ठेवलं.
तीन मिनिटांनी तोडायचा तो
अकरा मिनिटांनी तोडला.
वरचे पैसे माझ्या पगारातून गेले."

बाहेर कोणीतरी कलिंगडाची गाडी ढकलत होतं.
पंखा आता मऊ फिरत होता, ऐकू येईल न येईल इतका.
"कोण होता तो पोरगा?"
मी विचारलं. विचारावं लागलं.

"माझ्या कुकीज पुसल्यास ना?" ती म्हणाली.
"मग झालं तर."

पैसे घेतले नाहीत मी. तिने आंबट आलुबुखाराच्या
चटणीची बरणी ठेवली,
झाकण इतकं घट्ट की अजून उघडलेलं नाही,
आणि लॅपटॉप शालीत गुंडाळून
पायऱ्या उतरली, एकेक, कठड्याला धरून.

रात्री शटर ओढल्यावर
मी माझा स्वतःचा पासवर्ड बदलायला बसलो.
बातुमीचा एक जुना नंबर होता, पाच आकडी;
उचलणारं आता तिथे कोणी नाही.
चार शब्द हवेत. तीन मिळाले:
डांबर, शिट्टी, मंगळवार.
चौथ्यापाशी अडलोय.
जो आठवावा, त्याचं
कुणाशी ना कुणाशी नातं निघतंच.