जबाबातला गाळलेला भाग

तेव्हा मी बडोद्याच्या कोर्टात उमेदवार कारकून.
मोडी लिहिताना ओळ संपेपर्यंत
लेखणी उचलायची नाही, अशी काकांची शिस्त.

आरोपी शांतवन रणपिसे, राहणार फतेगंज,
धंदा बुकबाइंडर. बोटांना खळीचा वास.
फिर्याद अशी, की याच्या घरात देव नाही;
हे लोक एकमेकांना भाऊबहीण म्हणतात
आणि लग्नंही आपसातच लावतात;
रविवारी दार लोटून मांस खातात, रक्त पितात,
आणि आषाढात एक तान्हं पोर आत गेलं
ते बाहेर आलेलं कुणी पाहिलं नाही.

तो म्हणाला, देव्हारा नाही, खरं आहे.
ज्यानं हात घडवले
त्याला हातांनी कसा घडवू?
मी लिहिलं : देव्हारा नाही, कबूल.

भाऊबहिणीवर मागच्या बाकावर कुणी हसलं.
तो म्हणाला, बायकोला बहीण म्हटलं
की हात उचलताना लाज वाटते.
हे मी लिहिलं नाही.
घरी जाताना आठवत राहिलं.

मांस म्हणजे पाव, हुजूर,
कॅम्पातल्या गोवेकराच्या भट्टीचा, आदल्या दिवशीचा,
ताजा परवडत नाही.
रक्त म्हणजे मनुकांचं पाणी.
शब्द मोठे आहेत आमचे. ताट एवढंसं.

आणि पोर?
बायको पुढं आली, कडेवर पोर घेऊन.
विश्वामित्रीच्या काठाला, सुपात होती, म्हणाली.
मगरीच्या आधी आम्ही पोचलो, एवढाच गुन्हा.
पोरीला नुकते दोन दात आलेले.
तिनं रणपिशाचं बोट ओढून कडकडून चावलं.
कोण कुणाला खातंय ते लिहून घ्या, तो म्हणाला,
आणि हुजूरसुद्धा हसले.

सुपातलं कापड टेबलावर पसरलं होतं.
अंजिरी रंग, काठाची जर
घाईघाईनं उसवलेली, टाके तसेच.
सगळे कापडाकडे बघत होते.
फिर्यादी पंख्याच्या दोरीकडे.

तिथं माझी लेखणी उचलली गेली.
दप्तरात त्या ओळीवर
मसुराएवढा डाग असेल अजून.
फिर्यादीस आणखी विचारणे नाही,
हुजूर म्हणाले. फिर्याद काढून टाकली.

पुढं मी घरची जुनी पंचांगं
काकांच्या चोरून रणपिशाकडेच बांधायला टाकली.
घेऊन निघालो तर पोर उंबऱ्यात आडवी.
तिला उचलत तो म्हणाला,
खळ ओली आहे, रावसाहेब,
उद्यापर्यंत उघडू नका.