उजवी बाजू

खांदा म्हणजे सांधा कमी, तडजोड जास्त.
दंडाच्या हाडाचं डोकं मोठं, गोल,
आणि त्याला टेकायला दिलेली खाच बशीसारखी उथळ.
काठाला कूर्चेची एक चुंबळ,
भोवती चार लहान स्नायू,
भरली घागर सांभाळावी तसे
जन्मभर तोल धरून.
म्हणून तर हात सगळीकडे फिरतो.
म्हणूनच निखळतो.

पंचवीस वर्षं हे सांगत आलेय
तळ्याकाठच्या माझ्या दोन खोल्यांत,
नोव्हेंबरात जिथे तीन वाजता दिवा लावावा लागतो.
आइस हॉकीची पोरं येतात हासळी मोडून,
पुढचा दात नसलेलं हसू घेऊन.
टेनिस एल्बो घेऊन येतो लाकूडतोड्या तौनो,
त्याने जन्मात रॅकेट धरली नाही,
दुखण्याचं नाव ऐकून दर वेळी चिडतो.
पोहणाऱ्या मुलीला पटतच नाही
की मऊ पाण्याने खांदा झिजतो.

सायमीचं दुखणं कोपराच्या आतल्या बाजूचं.
तिथे एक अस्थिबंध असतो, करंगळीच्या नखाएवढा रुंद.
भाला सुटायच्या आधी
दंड पुढे निघून गेलेला असतो,
मनगट अजून मागेच,
आणि ती ओढाताण हा एकटा सोसतो.
जूनमध्ये, चौथ्या फेकीला, तिने आवाज ऐकला.
फांदी मोडल्याचा नाही, ती म्हणाली,
शेजारच्या खोलीत कुणी शर्टाचं बटण तोडावं, तसा.
भाला मात्र त्या वर्षातला सगळ्यात लांब गेला.
म्हणून तिने पाचवी फेक केली.

तिच्याबरोबर उर्हो आला होता, तिचा प्रशिक्षक,
टोपी मांडीवर ठेवून स्टुलावर बसला.
पाचव्या फेकीला मी अडवायला हवं होतं, म्हणाला.
मी त्याचाच उजवा हात धरून वर नेला.
हनुवटीपाशी अडला.
केस विंचरायला हा माणूस मान खाली घालत असणार
किती वर्षं, कोण जाणे.
कुणाला दाखवलं होतं?
‘सौनाला,’ तो म्हणाला.

युव्हास्किलाच्या रुग्णालयात
तिच्या मनगटातली कंडरा काढून कोपरात ओवली.
काहींना ती कंडरा जन्मतःच नसते,
आणि नसली तरी कुणाचं काही अडत नाही.
सायमीला होती.
मग रबरी पट्टा, गुंडाळलेला टॉवेल, अर्ध्या किलोचं वजन.
फेकायचं नाही. उचलायचं नाही.
तिने भिंतीवर लिहून ठेवलं आणि पाळलं.

फेब्रुवारीत उर्हो गेला.
ती आली, बूट न झाडताच उभी राहिली,
बर्फाचं पाणी माझ्या फरशीवर.
सहा जण लागतात, म्हणाली. मला विचारलंय.
मी म्हटलं, नाही.
खांदा देणं हे नुसतं म्हणायचं,
पट्टा मुठीत असतो, सगळा भार कोपरावर येतो.
ती बोलली नाही. तक्त्यावरचा तो सोललेला माणूस बघत राहिली,
लाल स्नायू, पांढऱ्या कंडरा.
मग म्हणाली,
पेटीच्या उजव्या बाजूला उभी राहिले
तर पेटी माझ्या डाव्या हाताला येईल ना?

चार दिवस माझ्या अंगणात
डाव्या हातात पाण्याची बादली घेऊन चालली.
त्या हाताला आजवर कुणी काही शिकवलं नव्हतं.
पहिल्या दिवशी अर्धं पाणी बुटात.

स्मशानभूमीत मी मागे उभी होते.
धंद्याची खोड जात नाही:
मी तिचं खांद्याचं पातं बघत होते,
मान कुठे कलते, श्वास कुठे धरते.
कबरीपर्यंत चाळीसेक पावलं, बर्फ खरवडून वाळू टाकलेली.
पेटी हलली नाही.
उजवा हात कोटाच्या खिशात होता, मी सांगितलं होतं तसा,
आणि कापडातूनही कळत होतं,
बोटं कशावर तरी मिटलेली होती,
अंगठा आणि मधलं बोट दोरीच्या काठावर,
तर्जनी सैल.
ती पकड त्याने शिकवलेली.