हातमोज्याखाली

पावणेपाचचा गजर लावून पाहिला.
खिडकीशी खुर्ची, गुडघ्यांवर लोकरी शाल, शास्त्र उघडं,
बाहेर क्लाक्सविकचं बंदर काळंकुट्ट.
आठवड्यात चार वेळा डोळा लागला,
एकदा तर पानात बोट ठेवूनच
मी स्वप्नात फावड्यानं बर्फ उपसत होते.

पाद्रीबाई म्हणाल्या, रान्वा, रोज अर्धा तास. फक्त अर्धा.
त्यांना सकाळची पाळी नाही,
नवरा तीन-तीन आठवडे समुद्रावर नाही.
राग नाही मला. पण अर्धा तास म्हणजे
माझ्या लेखी आख्खं एक बेट,
आणि तिकडं बोट जात नाही.

तेव्हापासून मी एकच ओळ घेते.
किटलीला उकळी फुटेपर्यंत
बॉलपेननं मनगटावर उतरवते, शिरेच्या कडेनं.
वर निळा रबरी हातमोजा.
कारखान्यात आत कागद चालत नाही, फोन चालत नाही.
कातडी चालते.

माझी जागा दुधी काचेच्या टेबलापाशी.
खालून उजेड, वर कॉडचा तुकडा.
एरवी तो पांढराशुभ्र, निर्दोष, विकाऊ.
उजेडावर धरला की सगळं कबूल करतो:
साकळलेलं रक्त, वेटोळं घातलेला जंत,
केसाएवढा काटा.
चिमट्यानं काढायचं, पुढं सरकवायचं.
ओळही मी तशीच धरते.
एक शब्द. थांबायचं. मग दुसरा.
कुणी म्हणतं, वचनाचं रवंथ करावं, मेंढीसारखं.
मेंढ्या भावाकडे आहेत.
मला काटे शोधता येतात.

बऱ्याचशा ओळी मऊ निघतात.
घाबरू नको सांगणारी एक तर
अख्खा फेब्रुवारी पुरली.
मग मार्चच्या एका मंगळवारी ती आली,
वेदीपर्यंत दान घेऊन गेलेल्या माणसाची,
ज्याला ऐन वेळी आपला भाऊ आठवतो.

सकाळभर मी ती उलटी वाचली.
बार्दुरविरुद्ध माझं काय काय आहे, ते मोजत राहिले.
बाबांच्या शेवटच्या महिन्यात दोनदाच आला.
दफनाच्या दिवशी मागच्या बाकावर बसला, परक्यासारखा.
यादी लांब होती, तोंडपाठ होती.

कॉफीच्या सुट्टीनंतर काटा दिसला.
माझं त्याच्याविरुद्ध, असं नव्हतंच तिथं.
त्याचं होतं. माझ्याविरुद्ध.
त्याचं.
बाबांची सहा वल्ह्यांची होडी मी विकली,
त्याला न विचारता,
आणि पैसे छपराला लावले.
ते छप्पर माझ्या डोक्यावर आहे.

चिमटा थांबला. पट्टा थांबला नाही.
शेजारच्या लिगायानं माझ्या वाटचे तीन तुकडे
काही न बोलता आपल्याकडे ओढले.

पाळी सुटली तशी गाडी कुनोयच्या रस्त्याला लावली.
डोंगराच्या पोटातून एकपदरी बोगदा.
समोरून दिवे आले की एकानं खोबणीत शिरून
दुसऱ्याला जाऊ द्यायचं.
दिवे आले नाहीत,
तरी मी प्रत्येक खोबणीत थांबले.
भीतीनं, दुसरं काय.
पण त्या अंधारात, इंजिन घुरघुरत असताना,
कुणी हाक मारत नव्हतं, काही पुढं सरकत नव्हतं.
मनगट डॅशबोर्डच्या उजेडाशी धरलं.
घामानं शाई पसरलेली.
भाऊ, एवढंच लागत होतं.

सगळ्या खोबण्या मिळून, घड्याळ पाहिलं,
अर्धा तास झाला होता.

बार्दुरनं दार उघडलं.
माझ्या अंगाला माशांचा वास, केसांवर अजून जाळी.
होडीचं बोलायला आलेय, म्हटलं.
तो बराच वेळ माझ्या बुटांकडे बघत राहिला.
मग म्हणाला, बटाटे उकडायला टाकलेत.
मी बूट काढले.

उद्याची ओळ निवडलेली नाही.
आजचीच निघत नाहीये,
साबणानं दोनदा घासली तरी.