काहीच दिसत नाही

यावलच्या सरकारी दवाखान्यात
सोनोग्राफीच्या खोलीवर पाटी आहे :
येथे मुलगा की मुलगी सांगितले जात नाही.
त्या पाटीखालून सुपडाबाई आली,
स्ट्रेचर नको म्हणाली,
भिंत धरत, दर तीन शब्दांना एक श्वास घेत.
तीन रात्री तिने उशी कवटाळून
बसूनच काढल्या होत्या.
यंत्राला ही खोली सोडायची परवानगी नाही,
म्हणून माणसांनीच चालत यायचं.

लुगडं पोटावरून नाही, छातीवरून बाजूला करा म्हटलं
तर ती नर्मदा सिस्टरकडे बघून हसली :
"आते सत्तरीमा काय दखतस?
मना छातीमा पोर्‍या शे का?"
सिस्टरने पाटीकडे बोट दाखवलं :
असला तरी सांगता येणार नाही, माय.

जेल लावल्यावर ती शहारली.
बाहेर त्रेचाळीस डिग्री.

धुळ्याला आमचे सर
बोटावर बोट आपटून पाठ वाजवायचे,
टरबूज निवडणाऱ्यासारखे, डोळे मिटून.
पाणी असलं की आवाज मुका होतो, म्हणायचे.
माझी बोटं कधी तेवढी शहाणी झाली नाहीत.
मी तेच काम डोळे उघडे ठेवून करतो.

दोन बरगड्यांच्या काळ्या सावल्या.
मध्ये लुगड्याच्या काठासारखी एक चकचकीत रेघ,
श्वासागणिक सरकणारी.
पुस्तक म्हणतं, हा समुद्रकिनारा :
वर लाटा, खाली वाळू.
लिहिणाऱ्याच्या गावाला समुद्र असेल.
आमच्याकडे तापी,
तीही हतनूरचं पाणी सुटलं तर.

आणि त्या रेघेखाली
निरोगी फुप्फुस कधी दिसतच नाही.
हवा आवाजाला आत घेत नाही,
उंबऱ्यावरूनच परत पाठवते.
पडद्यावर नुसत्या परतीच्या खुणा,
एकीखाली एक, फिकट होत जाणाऱ्या.
जे धड आहे त्याचं चित्र निघत नाही.
जे भिजतं, तेच उजळतं.

सुपडाबाईचं उजळलं होतं.
रेघेपासून पडद्याच्या तळापर्यंत पांढरे झोत,
श्वासाबरोबर डोलणारे,
जशा रात्रीची लाइट आल्यावर
केळीला पाणी द्यायला निघालेल्यांच्या बॅटऱ्या.
पहिल्या फटीत पाच मोजल्या.
दुसरीत मोजता येईनात.
एकच गाव जागं असतं
तर न्यूमोनिया म्हणालो असतो.
इथे डावीउजवीकडे
सगळा तालुका जागा.

हृदय थकलं होतं. पाणी मागे तुंबलं होतं.

ती सांगत होती, जिनिंगमधला कापूस
बसलाय छातीत, तीस वर्षांचा.
केसपेपरवरही 'दमा'च लिहिलेला,
मागच्या पोळ्यापासून, पंपाच्या डोससकट.
अक्षर नीट पाहिलं.
माझंच होतं.
तेव्हा हे यंत्र खोलीतच होतं,
याच कोपऱ्यात, प्लास्टिकच्या कव्हराखाली.
रांग मोठी होती, एवढंच आठवतं.

सिस्टरने इंजेक्शन दिलं, नळी घातली,
तासातासाला लघवी मोजली
आणि माझ्याकडे न बघता वहीत लिहिली.
मी जुन्या कागदावरचा शब्द खोडला.
एका रेघेने खोडावा, म्हणजे
खालचं वाचता येतं, असा नियम आहे.
वाचता येत होतं.

दुसऱ्या सकाळी पहिल्या फटीत तीन.
संध्याकाळी एक, तीही लुकलुकती.
रात्री ती आडवी झोपली.
सिस्टर दोनदा जाऊन बघून आली,
इतकी शांत झोपली होती.

चौथ्या दिवशी पुन्हा पाटीखालून आली,
या वेळी भिंत न धरता.
मी सगळ्या फटी पाहिल्या, सावकाश,
लागतो त्याहून जास्त वेळ.
फक्त रेघ, आणि तिचं येणंजाणं.

"काय दखाई र्‍हायनं?"
काहीच दिसत नाही, माय.

तिने जेल पदराला पुसलं,
माझ्याकडे बघितलं, मग यंत्राकडे,
आणि सिस्टरला म्हणाली :
"इतला येळ दखं,
आन् काहीच नई?"